आर्वीच्या बरडावर ऑटोक्रॉस: कंपनीतून आली तशीच गाडी घेऊन उतरू इच्छिणाऱ्यांसाठी

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात, गावापासून थोड्या अंतरावर असलेल्या मुरमाड बरड जमिनीवर जानेवारीत हौशी चालकांसाठी ऑटोक्रॉस स्पर्धा झाली. त्या स्पर्धेत मी माझी ह्युंदाई आय-२० एन लाईन घेऊन उतरले होते. गाडी मॅन्युअल गिअरची, २०२३ च्या अखेरीची; तिच्यात एकही बदल केलेला नाही. नागपूर-अमरावतीकडे आता बऱ्याच जणांकडे अशा चपळ टर्बो हॅचबॅक आहेत आणि त्या मैदानात उतरवण्याची इच्छाही आहे. मात्र ‘आधी सस्पेन्शन बदलू, मग जाऊ’ या विचारात वर्षे निघून जातात. कंपनीच्या अवस्थेतली गाडी या खेळाला पुरेशी आहे, आणि पहिल्या काही स्पर्धांत वेळ कमी होतो तो जमीन ओळखल्यामुळे, सुट्या भागांमुळे नव्हे, हे मला तेथे स्वच्छ दिसले. म्हणून हा वृत्तांत.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑटोक्रॉसमध्ये गाड्या एकमेकींना खेटून धावत नाहीत. आखून दिलेल्या वळणावळणाच्या मार्गावरून प्रत्येक गाडी एकटी सोडली जाते आणि घड्याळ निकाल देते. मार्ग नारिंगी कोनांनी आखलेला असतो. कोन पाडला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात आणि मार्ग चुकला तर ती फेरी बाद होते. अमेरिकेत हा खेळ बहुतेक मोकळ्या डांबरी किंवा काँक्रीटच्या पटांगणांवर होतो व तेथे एका कोनामागे दोन सेकंदांचा दंड रूढ आहे. आपल्याकडे तो मुख्यतः मातीवर होतो, त्यामुळे त्याचे तंत्रही वेगळे पडते. आमचा मार्ग दीड किलोमीटरच्या आसपास होता, आणि त्यावर दुसऱ्या गिअरच्या वर जाण्याची वेळ क्वचितच येत होती. वेग बेताचा असल्यामुळे नवख्याला शिकण्यासाठी याहून सुरक्षित मोटारस्पर्धा मला तरी माहीत नाही.

कागदपत्रांचा विषय रुक्ष असला तरी तो आधी मिटवावा. देशातील मोटारस्पर्धांचे नियमन एफएमएससीआय ही राष्ट्रीय संस्था करते. तिच्या मान्यतेच्या स्पर्धेसाठी तिचा परवाना लागतो, आणि तो ऐन वेळी मिळेल या भरवशावर राहू नये. स्पर्धा कोणाच्या परवानगीने होत आहे, जमीनमालकाची लेखी संमती आहे का, पोलीस आणि तहसील कार्यालयाला कळवले आहे का, रुग्णवाहिका मैदानातच उभी राहणार आहे का, हे प्रश्न आयोजकांना विचारण्यात संकोच करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक ठिकाणी विनापरवानगी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे विमा. आपल्या खासगी गाडीच्या नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली आयोजित शर्यती आणि वेगचाचणी स्पष्टपणे वगळलेल्या असतात. मैदानात गाडीचे जे नुकसान होईल ते स्वतःच्या खिशातून भरून काढावे लागणार, हे घरच्यांना आधीच सांगून जावे.

नागपूरहून जाणाऱ्यांना समृद्धी महामार्ग सोयीचा आहे. नागपूरजवळच्या शिवमडक्याला महामार्गावर चढून विरूळच्या इंटरचेंजला उतरले की आर्वी आणि पुलगाव दोन्ही जवळ पडतात. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि रस्ता इतका सरळ आहे की टायरवर सतत ताण पडतो. म्हणून निघण्यापूर्वी थंड टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरावी आणि मैदानासाठी काय बदल करायचा तो तेथे पोहोचल्यावर करावा. स्वतःचा हवेचा गेज आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप बरोबर हवाच. खरी काळजी घ्यायची ती समृद्धीवरून उतरल्यावर. जानेवारीत कापूस वेचणीचे दिवस असतात. कापसाने ओसंडणारे ट्रॅक्टर आणि बंड्या, म्हणजे बैलगाड्या, अंधारात मागे दिवा नसताना चाललेल्या असतात, आणि पहाटे धुईही असते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी उजेडात पोहोचून पुलगाव, आर्वी किंवा वर्ध्याला मुक्काम करावा. शेवटचा टप्पा पांदण रस्त्याचा होता. दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा स्पोर्टी गाडीच्या पोटाला लागतो, तेव्हा एक चाक उंचवट्यावर आणि दुसरे कडेला ठेवून सावकाश जावे.

सकाळी स्क्रुटिनी, म्हणजे गाडीची तपासणी, झाली. बॅटरी घट्ट आहे का, कुठून तेल गळते का, अॅक्सिलरेटर सोडल्यावर पेडल मोकळेपणी परत येते का, चाकांचे नट, सीटबेल्ट आणि हेल्मेट पाहिले गेले. आय-२० च्या चाकांचे नट १०७ ते १२७ न्यूटन-मीटर इतके आवळायचे असतात. टॉर्क पाना उसना मिळतो, पण तो वापरणारे माणूस बरोबर असलेले बरे. माझा धाकटा भाऊ आला होता आणि फेऱ्यांच्या मधल्या वेळेत त्याचाच खरा उपयोग झाला. गाडीतील चटया, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती, सगळे काढून ठेवावे. चटई सरकून पेडलखाली गेली तर अनर्थ होतो. हेल्मेटच्या बाबतीत नियमपत्रक बारकाईने वाचावे. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेने प्रमाणित केलेल्या हेल्मेटांत ‘एसए’ शिक्का मोटारस्पर्धेसाठी असतो व त्याचे अस्तर आगीला दाद न देणारे असते. दुचाकीच्या ‘एम’ शिक्क्याच्या हेल्मेटात ती सोय नसते. पेट्रोल अर्धी टाकी पुरे. या गाडीची टाकी ३७ लिटरची आहे, त्यामुळे तेरा-चौदा किलो भार वाचतो. त्याहून खाली मात्र जाऊ नये, कारण जोरदार वळणात पेट्रोल एका बाजूला जाते आणि इंजिनला मिळेनासे होते.

आता जमिनीविषयी, कारण सगळे त्यातच आहे. विदर्भातील बरड म्हणजे अर्धवट झिजलेल्या बेसॉल्टचा मुरूम. त्याच बेसॉल्टची पुरती झीज झाली की खोलगट भागात काळी चिकणमाती साचते, जी पाण्याने फुगते आणि सुकल्यावर भेगाळते. आमच्या मार्गाचा बहुतेक भाग मुरमाचा होता, पण उताराच्या तळाशी, नेमक्या हेअरपिन, म्हणजे गाडी जवळजवळ उलट फिरवणाऱ्या, वळणाच्या तोंडावर, काळ्या मातीचा पट्टा होता. हे गाडीतून दिसत नाही. पायी फिरूनच कळते. आयोजक मार्ग पायी पाहण्यासाठी वेळ देतात, तेव्हा बरेच जण घोळक्याने गप्पा मारत एक चक्कर मारतात आणि चहाकडे वळतात. मी पहिली चक्कर सगळ्यांबरोबर कोनांची रचना लक्षात ठेवण्यासाठी मारली आणि दुसरी एकटीने, फक्त जमीन पाहण्यासाठी. बुटाची टाच मुरमात फिरवून पाहावी: वरचा थर किती सुटतो आणि खाली घट्ट काय लागते, यावरून ब्रेक कोठे धरायचा ते ठरते. कोनाजवळ वाकून, चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून पुढचा कोन दिसतो का, तेही पाहावे.

तेथेच धोतर-टोपीतील एक काका माझ्याबरोबर चालू लागले. याच जमिनीवर पूर्वी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरत असे आणि ते स्वतः धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारे, होते. विदर्भातील पटही घड्याळावरच चालतो: जोडीने सरळ दाणीवरून, म्हणजे धावपट्टीवरून, किती सेकंदांत अंतर कापले यावर निकाल लागतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित कायदे वैध ठरवले. मधल्या काळात मैदानाची जी आबाळ झाली ती काका सांगत होते. मग हेअरपिनपाशी थांबून, पायाने माती उकरत म्हणाले, “ताई, सकाईची जमीन अन् दुपारची जमीन येक नसते. सकाई दवानं दबून रायते, दुपारी वरचा थर सुटते. जिथं भुई फिक्की दिसते तिथं पाय सांभायून ठिवा.”

त्यांचे म्हणणे दिवसभर तंतोतंत खरे ठरत गेले. सकाळी दवामुळे मुरूम बसलेला होता आणि पकड चांगली होती. अकरानंतर वरची चुरी सुटली, वळणांच्या बाहेरच्या कडेला तिचा ढीग साचला आणि मुख्य चाकोरीतून चार बोटेही बाहेर गेलेले चाक घसरू लागले. दुपारी धुरळा बसवण्यासाठी टँकरने पाणी मारले. मुरमाला ते मानवले. काळ्या पट्ट्यावर मात्र साबणासारखा थर तयार झाला आणि टायरच्या खाचा चिखलाने भरल्या. पाणी मारल्यानंतर लगेच सोडलेल्या गाड्या त्या वळणात सरळ पुढे गेल्या, मधल्या गाड्यांना सर्वांत चांगली जमीन मिळाली आणि शेवटच्या गाड्यांच्या वाट्याला पुन्हा फुफाटा आला. क्रम निवडण्याची मुभा असेल तर टँकर कधी फिरणार हे विचारूनच तो निवडावा. हवेचा दाबही याच हिशेबात येतो. पहाट आणि दुपार यांच्या तापमानात जानेवारीत पंधरा-सोळा अंशांचा फरक सहज पडतो, आणि दर दहा अंशांमागे टायरमधील दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने वाढतो. सकाळी जुळवलेली हवा दुपारी पुन्हा मोजली नाही, तर पकड कोठे गेली हे कळत नाही.

गाडी चालवण्याविषयी माझे अनुभवाचे बोल एवढेच. ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. ९९८ सीसीचे इंजिन १२० पीएस देते आणि १७२ न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर १५०० आरपीएमपासूनच मिळतो. मातीवर हा जोर फार लवकर येतो. पहिल्या गिअरमध्ये चाके नुसती गरगरतात, तेव्हा सुटताच दुसरा टाकावा आणि तेथेच राहावे. इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा वळणातच इंजिनची शक्ती कापते; तिचे बटण एकदा दाबले तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाके गरगरू न देणारा भाग, बंद होतो, तीन सेकंदांहून अधिक दाबून धरले तर पूर्ण यंत्रणा बंद होते. नवख्याने पहिल्या फेऱ्या ती चालू ठेवूनच कराव्यात असे माझे ठाम मत आहे. एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेली गाडी सुट्या मुरमावर डांबरापेक्षा बरीच लांब जाऊन थांबते; चाक जाम झाले असते तर त्याच्यापुढे मातीची जी पाळ साचून गाडी अडली असती, तीही साचत नाही. म्हणून ब्रेक लवकर, सरळ रेषेत आणि एकदाच लावावा. वळणात शिरताना ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलावा, म्हणजे पुढच्या चाकांवर भार राहतो आणि गाडी आत वळते. गाडीचे तोंड वळणाबाहेर जाऊ लागले तर स्टिअरिंग आणखी फिरवणे ही स्वाभाविक पण निरुपयोगी गोष्ट आहे. स्टिअरिंग किंचित सोडावे, अॅक्सिलरेटर हलका करावा, पकड परत येते. हेअरपिनमध्ये हँडब्रेक ओढणारे अनेक होते. दिसायला ते देखणे असते, पण गाडी जवळजवळ उभी राहते आणि टर्बो पुन्हा भरून येईपर्यंत वेळ जातो. माझ्या गटात ज्यांनी हँडब्रेकला हात लावला नाही तेच पुढे होते. काळ्या पट्ट्याच्या आधी मुरमावरच ब्रेक पूर्ण करून, त्यावरून नुसती गाडी घरंगळू दिल्यावर माझी वेळ पहिल्या फेरीपेक्षा जवळपास चार सेकंदांनी सुधारली, आणि गाडीत तोवर काहीही बदललेले नव्हते.

प्रेक्षकांबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. गाव लोटले होते, त्यात शाळकरी मुले पुष्कळ. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कोणीही उभे राहू नये, कारण गाडी सुटली की तिकडेच जाते. मार्गावर लक्ष ठेवणारे मार्शल सतत सांगत होते, तरी पोरे दोरीखालून पुढे येत. लाल झेंडा दिसला की वेळेचा विचार न करता थांबायचे आणि कोणी दोरीच्या आत दिसले तर झेंड्याची वाट न पाहता थांबायचे. आयोजक फेरी पुन्हा देतात. शेजारच्या वावरात तूर उभी होती. गाड्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून उभ्या केल्या तर पिकात पाय पडतात, म्हणून पार्किंगची जागा आदल्या दिवशीच विचारून ठेवावी. दुपारी गावातल्या बचत गटाच्या बायकांनी झुणका-भाकर आणि ठेचा ठेवला होता, तो घ्यावा. फेरीपूर्वी मात्र अर्धेच जेवावे आणि पाणी भरपूर प्यावे.

परतण्यापूर्वी चाकांचे नट पुन्हा आवळावेत, टायरच्या आतील बाजूला चिरा किंवा फुगा आला आहे का ते हात फिरवून पाहावे आणि समृद्धीवर चढण्याआधी हवा मूळ दाबावर आणावी. खाचांत अडकलेली काळी माती वाळली की दगडासारखी होते आणि चाकाचा तोल बिघडवते. ताशी शंभरच्या वेगात स्टिअरिंग थरथरू लागते, तेव्हा ती ओली असतानाच काडीने काढून टाकावी. घरी आल्यावर एअर फिल्टर उघडून पाहावा, रेडिएटरच्या जाळीतील फुफाटा कमी दाबाच्या पाण्याने धुवावा आणि व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावी. ब्रेक पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये मुरमाची खडी राहिली असेल तर पहिल्या काही किलोमीटरमध्ये करकर ऐकू येते. ती थांबली नाही तर चाक काढून पाहावे.