माझ्यासाठी ती गोळी नव्हतीच

लिंगाला ताठरता येत नाही ही तक्रार घेऊन मी युरोलॉजिस्टांकडे, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो होतो. तपासणीच्या खोलीत मी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक, माझ्या रोजच्या औषधांची यादी. दुसरी, याच तक्रारीसाठी एका ओळखीच्या माणसाने आग्रहाने दिलेली कॅप्सूलची डबी, जिच्यावर 'शंभर टक्के वनस्पतिजन्य' असं छापलं होतं. युरोलॉजिस्टांनी यादी वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवलं. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट. अँजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यासाठी, मी रोज सकाळी घेतो ती नायट्रेट प्रकारची गोळी. मग त्यांनी डबी उचलली आणि विचारलं, "यातल्या किती घेतल्या?"

एकही नाही, मी म्हणालो. आणि ते खरं होतं.

"बरं झालं," ते म्हणाले आणि डबी स्वतःच्या खणात ठेवून दिली. अशा वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, गुपचूप मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. नायट्रेट घेणाऱ्याच्या पोटात ते गेलं तर रक्तदाब झपाट्याने कोसळतो, आणि माझ्यासारख्याच्या हृदयाला ते झेपेलच असं नाही. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. ताठरता येते तेव्हा मज्जातंतूंच्या टोकांशी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, त्यातून पुढे एक रसायन तयार होतं आणि त्याने लिंगातल्या स्पंजासारख्या भागाचे स्नायू सैल पडून तिथे रक्त भरतं. सिल्डेनाफिल, टाडालाफिल या गोळ्या ते रसायन लवकर नष्ट होऊ देत नाहीत. नायट्रेट तेच रसायन शरीरभर वाढवतं. दोन्ही एकत्र आले की सगळ्याच रक्तवाहिन्या एकदम सैलावतात. १९९८ साली सिल्डेनाफिल बाजारात आलं आणि त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइडच्या संशोधनाला नोबेल मिळालं. तेव्हापासून या तक्रारीवर 'ती गोळी' एवढंच उत्तर लोकांना माहीत आहे. माझ्यासाठी ते उत्तर पहिल्या दहा मिनिटांतच बंद झालं.

माझं वय ५६. मधुमेह १५ वर्षांपासून, गेली चार वर्षं इन्सुलिन. ताठरतेची तक्रार सुरू होऊन दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत मी कोणाशीही बोललो नव्हतो, बायकोशीसुद्धा नाही. रात्री मुद्दाम उशिरा झोपायला जायचं, थकल्याचं सांगायचं, कूस बदलायची. तिने त्याचा एकच अर्थ लावला होता, की मला आता ती नकोशी झाली आहे. हे मला पुष्कळ नंतर कळलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त पश्चात्ताप कशाचा होत असेल तर त्या दोन वर्षांच्या गप्प बसण्याचा.

डॉक्टरांनी 'नपुंसक' हा शब्द एकदाही वापरला नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. पाच प्रश्नांची एक छापील यादी दिली, तिचे गुण २५ पैकी मोजतात, माझे ८ आले. सकाळच्या वेळेत टेस्टोस्टेरॉनची तपासणी झाली, ते पुरेसं निघालं, म्हणजे हार्मोनच्या उपचाराचा प्रश्न मिटला. ते कमी निघालं असतं तरी दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा मोजून खात्री केल्याशिवाय उपचार सुरू करत नाहीत. तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ९.१ टक्के होती, ती आधी खाली आणायला सांगितलं. आणि हृदयरोगतज्ज्ञांची लेखी परवानगी. त्यांनी ट्रेडमिलवर चालवलं, दोन जिने झपाझप चढताना छातीत दुखतं का विचारलं, आणि ते जमत असेल तर समागमाचा श्रमही हृदयाला पेलतो असं सांगितलं. एक गोष्ट त्यांनी सांगितली ती कायमची लक्षात राहिली. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे अस्तर खराब व्हायला लागलं की तक्रार पुष्कळदा आधी तिथे दिसते आणि छातीत काही वर्षांनी. माझं तसंच झालं होतं का, कोण जाणे. पण चाळिशी-पन्नाशीच्या कोणा पुरुषाला हे सुरू झालं असेल तर त्याने निदान हृदयाची तपासणी तरी करून घ्यावी, असं मी आता भेटेल त्याला सांगतो.

दुसऱ्या भेटीला येताना पत्नीला घेऊन या, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन ते सांगायला मला चार दिवस लागले. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "अहो, मग हे इतके दिवस एकट्याने का वाहत होतात?"

त्या भेटीत डॉक्टरांनी सगळे पर्याय एकदम समोर मांडले. व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन, मूत्रमार्गात ठेवायची औषधाची बारीक कांडी, आणि शेवटी शस्त्रक्रिया करून बसवायचं इम्प्लांट. शॉकवेव्हबद्दल, म्हणजे लिंगावर ध्वनिलहरींचे हलके धक्के देण्याच्या उपचाराबद्दल, मी विचारलं, कारण त्याच्या जाहिराती फार दिसतात. त्यावर अजून अभ्यास चालू आहे, माझ्यासारख्या जुन्या मधुमेहात त्याच्या भरवशावर पैसे घालू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाकीचं आमच्यावर सोडलं, फक्त ज्यात परत फिरता येतं त्यापासून सुरुवात करा, एवढा सल्ला दिला.

म्हणून आधी पंप. प्लॅस्टिकची नळी, तिच्या टोकाला हाताने चालवायचा पंप आणि रबरी कड्या. नळीत लिंग ठेवून हवा काढली की आत पोकळी होते आणि रक्त ओढलं जातं, मग मुळाशी कडं सरकवून ते रक्त अडवायचं. ऐकायला सोपं. पहिल्या रात्री काहीच जमलं नाही. नळी अंगाला नीट बसेना, हवा बाजूने आत यायची, मी घाईने जोर लावला आणि कातडीखाली लाल ठिपके उठले. मी रोज ॲस्पिरिन घेतो, त्यामुळे ते जरा जास्तच उठले. दुसऱ्या दिवशी मला ते डब्यात घालून ठेवून द्यायचं होतं. हिनेच माहितीपत्रक पुन्हा काढून वाचलं.

चुका साध्या होत्या. मुळाशी केस कापून घ्यायला हवे होते आणि पाण्यात विरघळणारी जेल नळीच्या कडेला भरपूर लावायला हवी होती. दोन-तीन वेळा पंपाचा दांडा दाबायचा, थोडं थांबायचं, पुन्हा दाबायचं. सगळं मिळून काही मिनिटं लागतात, त्याहून घाई करायची नाही. आठवडाभर आम्ही फक्त सराव केला, त्यापुढे काही करायचंच नाही असं ठरवून. त्या ठरवण्याने माझ्यावरचं दडपण इतकं उतरलं की पाचव्या दिवशी पहिल्यांदा नीट ताठरता आली. कडं अर्ध्या तासाच्या वर ठेवायचं नाही आणि ते असताना झोपायचं तर मुळीच नाही. मधुमेहाने माझी संवेदना कमी झालेली आहे, तेव्हा दुखेल तेव्हा काढू असं म्हणून भागत नाही, घड्याळच लावावं लागतं. आणि दाब मर्यादेत ठेवणारी झडप असलेलाच पंप घ्यावा. घरी जुळवलेल्या वस्तूंनी हे करायला जाऊ नये.

पंपाने काम होतं. पण कड्याच्या मागचा भाग सैलच राहतो, त्यामुळे सगळं बिजागरीसारखं हलतं. लिंग जरा थंड आणि निळसर लागतं. कड्यामुळे वीर्य बाहेर येत नाही किंवा उशिरा येतं, त्याने अपाय काही नाही, पण मला ते खटकत राहिलं. चार महिने आम्ही तोच वापरला. मग मी इंजेक्शनबद्दल विचारलं.

लिंगात सुई, या विचाराने बहुतेक जण इथेच थांबतात. मी रोज पोटात इन्सुलिन टोचतो, तरी माझ्याही हाताला घाम सुटला होता. हे औषध बारीक सुईने थेट त्या स्पंजाच्या भागात जातं आणि तिथल्या तिथे स्नायू सैल करतं. त्यामुळे मज्जातंतू आणि नायट्रिक ऑक्साइडची ती सगळी साखळी बाजूला राहते, आणि नायट्रेट घेणाऱ्यालाही ते देता येतं. माझं औषध अल्प्रोस्टॅडिल. काहींना ते पापावेरीन आणि फेन्टोलामाइन या औषधांसोबत मिसळून देतात. हा मार्ग १९८० च्या दशकात सापडला. १९८२ साली फ्रान्समध्ये रोनाल्ड विराग यांनी पापावेरीनचा परिणाम नोंदवला, आणि १९८३ साली जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने लास व्हेगासच्या परिषदेत स्वतःला टोचून घेतलेल्या औषधाचा परिणाम सभागृहासमोर दाखवला. आमच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला खरंच धीर आला. कोणीतरी आधी स्वतःच्या अंगावर करून पाहिलं होतं.

पहिलं इंजेक्शन दवाखान्यातच, अगदी कमी मात्रेचं. टोचलेलं जेमतेम कळलं. १० मिनिटांनी थोडी ताठरता आली, अर्ध्या तासात उतरली. पुढच्या दोन भेटींत मात्रा वाढवत नेली. माझी मात्रा किती हे मी इथे लिहीत नाही, कारण ती फक्त माझी आहे. दुसऱ्याने ती उचलली तर त्याला तासन्‌तास न उतरणारी ताठरता येऊ शकते.

नर्सने आम्हा दोघांना शिकवलं. लिंग हलकं ताणून धरायचं. जागा मुळाकडच्या अर्ध्यात आणि बाजूला, घड्याळात १० किंवा २ वाजतात तिथे. वरच्या मध्यावर नसा आहेत, खाली मूत्रमार्ग, ते दोन्ही टाळायचं आणि दिसणारी शीर चुकवायची. सुई काटकोनात पूर्ण आत. औषध गेलं की कापसाने पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचं, माझ्या ॲस्पिरिनमुळे त्याहूनही जास्त. एकदा उजवीकडे, पुढच्या वेळी डावीकडे. २४ तासांत एकदाच, आठवड्यात फार तर तीनदा.

घरचं पहिलं इंजेक्शन वाया गेलं. इन्सुलिनच्या सवयीने मी सुई तिरकी धरली, औषध कातडीखालीच राहिलं, तिथे फुगवटा आला आणि बाकी काही नाही. त्या क्षणी दुसरी सुई भरण्याचा मोह फार झाला, तो मी लपवत नाही. हिने पेटी बंद केली आणि कपाटात ठेवून दिली. तिचंच बरोबर होतं. पहिली मात्रा कुठे गेली हे नक्की माहीत नसताना त्याच दिवशी दुसरी घ्यायचीच नसते. दुसऱ्या खेपेला तिनेच टोचलं. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, आणि तिने आपणहून ते काम स्वतःकडे घेतलं. आठ-दहा मिनिटांनी जी ताठरता आली ती पंपासारखी अडवलेली नव्हती, उबदार होती, माझीच वाटत होती. मला रडू आलं. तिलाही.

नंतरच्या एका रात्रीचंही सांगायला हवं. ताठरता दोन तास उतरेना. ठणका लागला, तो अल्प्रोस्टॅडिलने कधी कधी लागतो. मी जिने चढलो-उतरलो. अडीच तासांनी दवाखान्याच्या नंबरवर फोन केला. चार तास होण्याची वाट बघत बसू नका, कपडे घालून तयार राहा, असं त्यांनी सांगितलं. चार तासांच्या पुढे आत अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपून ऊती कायमची खराब होऊ लागते. तेव्हा सुईने रक्त काढून उलट काम करणारं औषध द्यावं लागतं, आणि माझ्यासारख्या हृदयाच्या रुग्णाला ते रक्तदाबावर लक्ष ठेवूनच देतात. आम्ही दाराशी चपला घालून उभे होतो तेव्हा ताठरता उतरू लागली. पुढच्या भेटीत मात्रा कमी झाली. त्या दिवसापासून तातडीच्या विभागाचा नंबर आणि माझ्या औषधांची यादी इंजेक्शनच्या पेटीतच असते.

कांडीचाही एक प्रयोग झाला. आधी लघवी करून मग ती मूत्रमार्गात ठेवायची. मला आग फार झाली आणि गुण कमी आला, तो तिथेच थांबवला. सुईची अजिबातच तयारी नसणाऱ्याने मात्र ती विचारून पाहावी.

आता एक वर्ष होत आलं. शुगरची सरासरी ७.२ वर आली आहे, रोज पाऊण तास चालतो. त्याने ताठरता आपोआप परत आली नाही, १५ वर्षांचं नुकसान तेवढ्याने भरून निघत नाही. पण इम्प्लांटची वेळ आली तर जंतुसंसर्गाचा धोका कमी राहावा म्हणून शुगर आवरलेली हवीच. इम्प्लांटचे दोन प्रकार आम्हाला दाखवले. एकात वाकवता येणाऱ्या दोन कांड्या असतात. दुसऱ्यात पाण्याने भरणाऱ्या दोन नळ्या, अंडकोशाच्या पिशवीत छोटा पंप आणि पोटात पाण्याची पिशवी. हा दुसरा प्रकार १९७३ पासून वापरात आहे. संवेदना आणि सुखाचा क्षण यांना सहसा धक्का लागत नाही, पण एकदा बसवलं की आतली मूळ ऊती परत कामाला येत नाही. म्हणून आम्ही घाई केलेली नाही.

दर तीन महिन्यांनी डॉक्टर बोटांनी चाचपून टोचण्याच्या जागी गाठ किंवा वाकडेपणा आलाय का ते पाहतात. पुढची भेट महिन्याअखेरीस आहे. हिने इम्प्लांटबद्दलचे प्रश्न वहीत लिहून ठेवले आहेत, आतापर्यंत अकरा झाले. पहिला तिचा आहे, आतला पंप बिघडला तर पुन्हा कापावं लागतं का. दुसरा माझा, शस्त्रक्रियेच्या वेळी ॲस्पिरिनचं काय करायचं.