वाटेतच आहे

हातगाडीवरून आणलेली द्राक्षं मिठाच्या पाण्यात घातली होती आणि ती भिजेपर्यंत ओट्याला टेकून फोनवर नकाशा बघत होते. फेब्रुवारीतल्या द्राक्षं-वाईनच्या सहलीचा. चार दिवस, गाडी आपली, राहायचं एकाच ठिकाणी, एखाद्या द्राक्षमळ्यातच, आणि बाकी नाशिकच्या आसपासच्या गावांतून मनाला येईल तसं हिंडायचं. ‘मनाला येईल तसं’ हे मी वहीत लिहूनही ठेवलं होतं. पहिल्या क्रमांकाला.

दुसऱ्या क्रमांकाला सिन्नर, कारण गोंदेश्वराचं देऊळ वाटेतच आहे. हे अगदी खरं, पुण्याहून जाताना सिन्नर लागतंच. तिसऱ्याला नांदूरमधमेश्वर, कारण नवऱ्याला पक्षी बघायचे असतात आणि २०२० साली त्या जागेला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान जाहीर झाला, राज्यात पहिला, तेव्हापासून तो तिकडे जायचं म्हणतोय. गोदावरी आणि कादवा भेटतात तिथे बंधारा आहे. वाटेतच आहे. विंचूरला सरकारने काढलेलं वाईन पार्क, म्हणजे तर आपल्या विषयातलंच. पण विंचूरपर्यंत आलोच आहोत तर येवला कितीसं लांब, असं वहिनी म्हणाली. आणि येवल्याला जाऊन पैठणी नुसती बघून येणारी बाई मला अजून भेटायची आहे. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल दादाने घातला. तोही वाटेतच.

हे सगळं नकाशावर टाकलं तर कोंबडीने अंगण उकरावं तसं दिसायला लागलं. दिंडोरी उत्तरेला, येवला पूर्वेला, चांदवड आग्रा रस्त्यावर, आणि आमची खोली गंगापूर धरणाच्या बाजूला, म्हणजे पार पश्चिमेला.

‘वाटेतच आहे’ हा आमच्या घरातला आनुवंशिक आजार आहे. अण्णांना पुण्याहून कोल्हापूरला जाताना पंढरपूरसुद्धा वाटेत लागायचं. त्यांच्या फियाटमध्ये बसून नुसतं हिंडायला म्हणून आम्ही कधी कुठे गेल्याचं मला आठवत नाही. ‘नुसतं हिंडायला’ हे शब्दच घरात ‘उंडारायला’च्या सुरात उच्चारले जात. काहीतरी काम हवं, कुणाचं लग्न हवं, काही नाही तर देव हवा. देव असला की मग वाटेतलं काहीही चालायचं. उसाचा रस, भेळ, नदीत पाय सोडून बसणं, सगळं प्रसादातच जमा.

नाशिकला जाणं व्हायचं ते असंच वणीला. दादाच्या दहावीच्या वर्षी गेलो होतो, परीक्षेच्या आधी, देवीच्या पायावर पेन घालायला. दिंडोरी सोडली आणि गाडी तापली. अण्णा बॉनेट उघडून त्या वाफेकडे असे बघत उभे राहिले की जणू तिनेच काहीतरी खुलासा करायला हवा. आई पदराने वारा घेत दगडावर बसली. मी आणि दादा रस्त्याच्या कडेच्या बागेत घुसलो.

मांडव होता, आमच्या डोक्यापेक्षा जेमतेम वर. आत गेल्यावर एकदम गार, हिरवा अंधार, आणि वरून घड लोंबताहेत. पानांवर निळसर पांढरे ठिपके होते, भिंतीला चुना मारताना फरशीवर उडतात तसे. दादाने उडी मारून एक घड ओढला. पानंही हातात आली. तेवढ्यात मागून आवाज आला, “आरं पोरांनो, बोर्डो मारलाय त्याच्यावर!”

दादा पांढराफटक पडला. बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि वर्षभर घरात दुसरा शब्द नव्हता. ह्या माणसाला कसं कळलं, असंच त्याला वाटलं असणार. तो अजून हे कबूल करत नाही, पण मी त्याचा चेहरा पाहिला आहे.

बागवाले ओरडले मात्र नाहीत. त्यांनी आमचे निळे पडलेले हात धरून मोटारीच्या पाण्याखाली घातले, स्वतःच चोळचोळून धुतले, मग बागेच्या दुसऱ्या टोकाकडून बिनफवारणीचे दोन घड आणून दिले. अण्णांनी लाजेकाजेस्तव एक अख्खी पाटी विकत घेतली. गडावर देवीला पेन लावलं, द्राक्षं ठेवली, आणि उरलेली पुण्यापर्यंत येताना डिकीत शिजली. तो वास फियाटला पुढे कितीतरी महिने होता. आता विचार करते तर आमच्या घराण्यातली ती पहिली वाईन.

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि हे नाव फ्रान्समधल्या बोर्दोचं, हे मला फार उशिरा कळलं. तिथल्या विद्यापीठात मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८२ साली, केवडा रोगाने मळेच्या मळे पानं गाळत असताना, त्यांना रस्त्याकडेच्या वेली तेवढ्या हिरव्यागार दिसल्या. चौकशी केली तर कळलं की येणारे-जाणारे द्राक्षं चोरून खातात म्हणून मळेवाले कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडतात. दिसायला विषारी, चवीला कडू, म्हणजे कुणी हात लावू नये. १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण औषध म्हणून जगाला सांगितलं. थोडक्यात, दादासारख्यांना दूर ठेवण्यासाठी जे निघालं त्याने फ्रान्सची द्राक्षं वाचली. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे आमचं योगदान आहे. आणि इतक्या वाईट रोगाला केवड्याचं नाव कुणी दिलं असेल, हा माझा जुना प्रश्न तसाच राहिला.

त्या काळी त्या भागात वाईन वगैरे कुणाच्या गावीही नव्हती. सुला ह्या नाशिकच्या वाईन कंपनीची पहिली बाटली बाजारात आली २००० साली. आता दिंडोरीच्या बाजूला शिराझ, शेनिन ब्लां ही वाईनच्या द्राक्षांची नावं माणसं सोनाका आणि शरद म्हणावं इतक्या सहज घेतात. खायचं द्राक्ष लांबोळं, पातळ सालीचं, बिनबियांचं. वाईनचं बारकं, जाड सालीचं, आत बी. आपण ते बाजारात बघितलं तर नाक मुरडू. तिकडे युरोपात वेल थंडीत चक्क झोपते, पानं झाडून. आपल्याकडे तिला झोप नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, वर्षातून दोनदा कात्री. निवांत असणं आपल्या हवेतच नसावं, असं ते वाचून मला फार बरं वाटलं होतं.

तर नकाशा. दिंडोरीवर बोट ठेवून जरा वर सरकवलं तर रस्ता सरळ वणीला. इतकी वर्षं जो देवीचा रस्ता होता तोच वाईनचाही निघाला. आणि नेमका तेवढ्यात आईचा फोन.

“कुठे निघालात म्हणे?”

दादाने सांगितलं असणार. “नाशिकला गं. द्राक्षं बघायला.”

“द्राक्षं बघतात का कुणी? खातात. नाहीतर पितात.” मी गप्प. २०२२ साली सुपरमार्केटात वाईन विकू द्यायची की नाही यावरून महाराष्ट्र पेटला होता तेव्हा आईचं एकच मत होतं: साखर महाग झालीय त्यावर कुणी बोलत नाही. “अगं, मी काय म्हणणार आहे? सप्तशतीचा पाठ इतकी वर्षं करते मी. देवी सुद्धा महिषासुराला सांगतेच की, मी मधु पितेय तोवर गर्जून घे.”

मला हसू आवरेना. म्हटलं, “मग झालं तर. देवीचीच परवानगी.”

“देवीचं ठीक आहे, तिला सिंह होता. तुमच्यात गाडी कोण चालवणार?”

हा प्रश्न चौघांनी मिळून पंधरा दिवस टाळला होता. नवरा अजून गाडी ‘शिकतोय’. वहिनी सोसायटीच्या फाटकाबाहेर नेत नाही. दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. राहिले मी, आणि आमच्यात वाईनची खरी आवड असलेलीही मीच. बाकीचे तिघं फोटोपुरते घोट घेणारे. म्हणून तर मळ्यातच मुक्काम ठरवला होता, की संध्याकाळी किल्ली टेबलावर ठेवायची आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. मग दिवसा काय, तर येवला, चांदवड, विंचूर.

“मी पण येते,” आई म्हणाली. “वणीला जाऊन किती वर्षं झाली. आता म्हणे ट्रॉली झालीय, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.”

वहीतलं ‘मनाला येईल तसं’ खोडावं की काय याचा विचार करत होते. मागची सीट तिघांची, आईला खिडकी, पाठीला उशी, दर दोन तासांनी चहा. येवला आपोआप गळलं. चांदवडही.

“आणि ती बाग बघू,” आई म्हणाली, “तुझे हात निळे झाले होते ती.”

“आई, ती आता कुठली सापडायला? रस्ते रुंद झाले सगळे. दादा तर म्हणतो ती वणीच्या रस्त्यावर नव्हतीच, पिंपळगावकडे होती.”

“त्याला काय कळतंय, तो रडत होता.”

“कुठे होती मग?”

पलीकडे जरा वेळ शांतता. अण्णांनी बॉनेट उघडलेलं, तो दगड, ती पाटी, हे सगळं ती बहुतेक डोळ्यांपुढून फिरवत असावी.

“वाटेतच होती,” आई म्हणाली.

द्राक्षं पाण्यात फारच वेळ राहिली. काढून निथळत ठेवली.