बावन्नातला चौदावा दुवा

डच वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. गेल्यागेल्या उत्सवमूर्तीचंच नव्हे, तर तिच्या सगळ्या गोताचं अभिनंदन करायचं, मग कॉफी आणि केकचा तुकडा. एकच! नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला आल्यापासून हे अंगवळणी पडलंय. पण अशाच एका गोलात शेजारचे आजोबा केक खाता खाता म्हणाले, "माझ्यात पीएलएन आहे, धाकट्या लेकीत आहे, थोरलीत नाही." कोणी चमकलंही नाही. एका बाईंनी फक्त विचारलं, "नातवंडांची तपासणी कधी?"

पीएलएन म्हणजे फॉस्फोलॅम्बन, हृदयातलं एक प्रथिन. ते असतं सगळ्यांतच, आजोबा बोलत होते ते त्यातल्या दोषाबद्दल. हृदयाच्या स्नायूपेशीत कॅल्शियमचा साठा करणारी पडद्याची जाळी असते. दर ठोक्याला त्यातून कॅल्शियम सुटतं आणि स्नायू आकसतो. ते परत आत ओढलं गेलं की सैलावतो. ओढायचं काम त्या पडद्यातला सर्का नावाचा पंप करतो आणि फॉस्फोलॅम्बन त्याला लगाम घालतं. जिना धावत चढलात, अ‍ॅड्रिनलिन वाढलं, की या प्रथिनाला फॉस्फेट चिकटतं, लगाम ढिला पडतो, पंप जोर धरतो. त्यामुळे ठोके भराभर पडत असतानाही दोन ठोक्यांच्या मधे हृदयाला सैलावायला फुरसत मिळते. अर्नोल्ड कॅट्झ आणि मिचिहिको टाडा यांनी 1970 च्या दशकात अमेरिकेत हे शोधलं. प्रथिन अगदीच चिमुकलं, अवघ्या 52 अमिनो आम्लांचं.

आजोबांच्या घराण्यात त्यातलं चौदावं, आर्जिनिन, गायब आहे. बस्स, एवढंच. पण त्यापायी हृदय फुगू शकतं, स्नायूत चरबी आणि तंतू माजतात, ठोक्यांची लय बिघडते. कुणाला चाळिशीच्या आतच त्रास, तर कुणी म्हातारपणापर्यंत ठणठणीत. आजोबांच्या कॉलरबोनखाली शर्टातूनही दिसेल असा उंचवटा आहे. लय बिघडली तर झटका देणारं यंत्र आहे ते.

हा दोष शेजारच्या फ्रीसलँड प्रांतातल्या एकाच पूर्वजापासून, साधारण 575 ते 825 वर्षांपूर्वी पसरला असावा, असं डच संशोधकांनी जनुकांवरून काढलंय. त्यांच्या 2012 च्या अभ्यासात हृदय फुगण्याचा आजार असलेल्या रुग्णांपैकी 15 टक्क्यांत तो सापडला. मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. मूळ दोषावर घाव घालणारं औषध अजून बाजारात नाही. उंदरांमध्ये प्रथिनच कमी करून पाहिलं तेव्हा आशा वाटावी असे निकाल आले.

मला खरं नवल वाटलं ते पत्राचं. दोष सापडला की जनुक विभाग रुग्णाच्या हाती नातेवाइकांसाठी पत्र देतो: घरात असं असं निघालंय, तुम्हालाही तपासून घेता येईल. वाटायचं रुग्णाने, तपासायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. आजोबांनी ते चुलतभावंडांपर्यंत सगळ्यांना दिलं. इथे मूलभूत आरोग्यविमा कुणालाही नाकारता येत नाही, हाही एक आधार आहेच म्हणा.

आपल्याकडेही असलं काही नाही असं नाही. मायोसिन-बायंडिंग प्रोटीन सी हे हृदयाच्याच स्नायूतलं. त्याच्या जनुकातली 25 अक्षरं गळालेले लोक भारतीय उपखंडात सुमारे 4 टक्के आहेत, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. पण असलं पत्र भाऊबंदात कोण वाटणार? सोयरीक जुळेपर्यंत घरात मधुमेहाच्या गोळ्यासुद्धा कपाटात मागे सरकवून ठेवतात.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या धाकटीचं लग्न पत्राच्या आधी झालं की नंतर?"