सेक्रेटरीकाकांची स्वतःविरुद्ध तक्रार

जूनमध्ये भर पावसात सेक्रेटरीकाकांचा फोन आला. "अरे, मी माझ्याच विरुद्ध तक्रार कशाला करू?"

मुलुंड पूर्वेला आमची सात मजल्यांची सोसायटी. गळती, लिफ्ट, टाकी अशा तक्रारींची वही दर पावसाळ्यात हरवायची, म्हणून मी जँगोमध्ये (पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क) छोटंसं अॅप करून दिलं होतं. त्यात काकांच्या नावावर नोंद पडली होती : 'माझी स्कूटर कायम दुसऱ्याच्या जागेत असते, माझ्यावर कारवाई व्हावी.' (तक्रार खोटी नव्हती, पण ते असो.)

तिसऱ्या मजल्यावरचा अकरावीतला पोरगा स्वतःच कबूल झाला. "दादा, ब्राउझरमध्ये फॉर्म इन्स्पेक्ट केला तर माझा युजर आयडी १७ दिसला. मी तो काकांचा १ केला आणि सबमिट मारलं."

चूक माझीच. पहिल्या मजल्यावरच्या आजींकडे स्मार्टफोन नाही. त्यांची तक्रार काकांना भरता यावी म्हणून मी फॉर्ममध्ये सदस्य निवडायचा ड्रॉपडाउन ठेवला होता आणि बाकीच्यांसाठी तोच हिडन करून टाकला. हिडन फील्ड डोळ्यांना दिसत नाही इतकंच. त्यातली व्हॅल्यू ब्राउझरवाला हवी तशी बदलू शकतो. आणि मी ती न तपासता डेटाबेसमध्ये भरत होतो. मार्च २०१२ मध्ये गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, हेच झालं होतं : एका तरुणाने फॉर्ममधून दुसऱ्याचा युजर आयडी पाठवून आपली पब्लिक की (कोड पाठवताना ओळख पटवणारी किल्ली) रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या खात्याला जोडली आणि त्यांच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, कमिटही (नोंदवलेला बदल) करून दाखवला. हे मी कधीच वाचलं होतं, तरीही.

आता फॉर्ममध्ये युजर हे फील्डच नाही. सेव्ह करताना कमिट फॉल्स देतो (नोंद तयार होते, पण डेटाबेसमध्ये जात नाही), व्ह्यूमध्ये, म्हणजे फॉर्म हाताळणाऱ्या सर्व्हरवरच्या कोडमध्ये, रिक्वेस्ट डॉट युजर (लॉगिन केलेला सदस्य) चिकटवतो, मग खरं सेव्ह. ब्राउझरने जपलेल्या कुकीमध्ये फक्त सेशनची, म्हणजे त्या लॉगिनची, रँडम की असते. ती कोणाची, हे सर्व्हरकडे लिहिलेलं असतं. व्ह्यूवर लॉगिन सक्तीचंही केलंय, नाहीतर लॉगिन न केलेल्याचा फॉर्म आला की जँगो अॅनॉनिमस युजर जोडायला नकार देऊन एरर फेकतो.

आजींसाठी वेगळा कॉलम केला. 'कोणी नोंदवली' हे सेशन ठरवतं, 'कोणासाठी' हे काका निवडतात, आणि तो पर्याय कमिटीवाल्यांनाच आहे, हे सर्व्हरवर तपासलं जातं. दोन गोष्टी मी एकाच कॉलममध्ये कोंबल्या होत्या, सगळा घोळ तिथूनच.

मग पोरालाच बसवलं, म्हटलं मोड बघू. त्याने १ पाठवला. नोंद १७ च्याच नावावर पडली. पाच मिनिटांनी म्हणाला, "दादा, पण यूआरएलमधला आकडा बदलला की दुसऱ्याची तक्रार उघडते." तिथेही डेटाबेसच्या क्वेरीत युजर घातला, म्हणजे तक्रार शोधतानाच ती कोणाची हे तपासलं जातं.

राहिल्या आधीच्या १४३ नोंदी. त्या खरोखर कोणी टाकल्या, हे कळायला माझ्याकडे काहीच नाही. त्यांच्यापुढे 'नाव तपासलेले नाही' असा शेरा मारून ठेवलाय, स्कूटरच्या तक्रारीसकट.