एमएसडब्ल्यू की एमए सायकॉलॉजी?

शेजारच्या वहिनी काल लेकीला घेऊन आल्या. पोरीचं बी.ए. झालंय. "हिला काउन्सेलर व्हायचंय. सायकॉलॉजीत एमए करू दे की एमएसडब्ल्यू?" एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, मी तीच केलीय. आमच्या घरीही हाच घोळ झाला होता. "समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते?" असं बाबांनी विचारलं होतं आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं.

उत्तर मिळालं ते फील्डवर्कमध्ये. आठवड्यातले दोन दिवस संस्थेत नाहीतर वस्तीत जायचं आणि झालेलं बोलणं घरी येऊन शब्दन्‌शब्द लिहायचं. या लिखाणाला रेकॉर्डिंग म्हणतात. माझं पहिलं रेकॉर्डिंग सरकारी रुग्णालयातलं. डायलिसिसवरच्या एक मावशी मधल्या दोन तारखा चुकवून आल्या होत्या. मी त्यांना धीर दिला, उपचाराचं महत्त्व समजावलं. फील्डवर्क तपासणाऱ्या मॅडमनी वही परत दिली तेव्हा समासात लाल पेनाने लिहिलेलं : "तू अकरा ओळी, त्या दोन. गावाहून यायला किती पैसे लागतात?"

मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला विचारलं. एसटीचं भाडं होतं, सोबत येणाऱ्या मुलाची रोजंदारी बुडत होती. रेशनकार्डावर मावशींचं नावच नव्हतं, म्हणून जनआरोग्य योजनेचे कागद अडलेले. तहसील कचेरीत चार चकरा मारून नाव चढलं. त्यानंतर एकदा मशीन चालू असताना त्या आपणहून मरणाच्या भीतीबद्दल बोलायला लागल्या. मी नुसती ऐकत होते.

म्हणून मी एमएसडब्ल्यूच्या बाजूची. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४मध्ये मुंबई पोलिस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. घरात मार खाल्लेल्या बाईचं ऐकायचं आणि तिच्यासाठी पोलिसांशीही बोलायचं, अशी दोन्ही कामं तिथे सोशल वर्करच करतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

पण पोरीला हेही सांगितलं, की समोरासमोर बसून थेरपीच करायची असेल तर सायकॉलॉजी घे. आणि मनोरुग्णांसोबत काम करायचं असेल तर नुसत्या एमएसडब्ल्यूवर भागत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने सायकियाट्रिक सोशल वर्करसाठी त्यापुढे दोन वर्षांचं एम.फिल. धरलंय. चार दिवसांचं सर्टिफिकेट घेऊन काउन्सेलरची पाटी लावू नकोस, एवढं मात्र हात धरून सांगितलं.

फॉर्म भरण्याआधी एक अख्खा दिवस सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षकांच्या, म्हणजे तिथल्या सोशल वर्करच्या, खोलीबाहेरच्या बाकावर बसून ये म्हटलं. सोमवारी जाते म्हणाली. डबा घेऊन जा, उशीर होतो तिथे.