एकाच फळीतल्या भेटी

सण महिना-दीड महिन्यावर आले की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "लाकडाचं घरी करून देण्यासारखं काय काय असतं गं?" त्यांना यादी हवी असते. चाव्या अडकवायची पाटी, फोनचा स्टँड, फोटोची चौकट, मेणबत्तीचा ठोकळा, कुणाच्या तरी बाळाला गाडी. माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ऐकणाऱ्याचा थोडा हिरमोड करणारं आहे: एक फळी घ्या, एकच वस्तू ठरवा आणि सगळ्यांना तीच द्या.

यात आळशीपणा वाटेल. थोडा आहेही. पण पाच जणांना पाच वेगळ्या वस्तू करायला घेतल्या की मापं पाच, साचे पाच, आणि सणाच्या आदल्या रात्री अर्धवट राहिलेल्या वस्तूही पाच. एकच वस्तू असेल तर साचा एकदा कापायचा, हत्यारं एकदा लावायची. तिसऱ्या नगापर्यंत हाताला कळलेलं असतं की करवत कुठे वळवायची आणि कानस कुठे थांबवायची. मी ऑफिसातून आल्यावर गॅलरीत, घडीच्या टेबलाला क्लॅम्प लावून काम करते. मशीन नाही, कारण खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. अशा जागेत पाच प्रकारचा पसारा मांडणं शक्यच नाही.

तर मी उलथनी करते. लाकडी, सपाट, एका बाजूला तिरकं पातं असलेली. दिसायला अगदीच साधी वस्तू, दुकानातही मिळते. मग घरी का करायची? कारण दुकानातलं उलथनं कुणासाठीच बनवलेलं नसतं. तिरकं पातं उजव्या हाताने धरलं तर कढईच्या तळाशी सपाट बसतं, तेच डाव्या हातात घेतलं की नुसता कोपरा टेकतो. माझी भाची डावखुरी आहे. तिच्यासाठी पुठ्ठ्याचा साचा फक्त उलटा ठेवायचा, बस. आत्याच्या बोटांचे सांधे सुजतात, बारीक दांडा तिला घट्ट आवळून धरावा लागतो. तिचा दांडा मी जाड आणि गोल ठेवते. धाकट्या दिराच्या घरी भांडी खोल, तर त्याचा दांडा लांब. फळी एक, साचा एक, आणि तरी प्रत्येक नग ज्याचा त्याचा. माणसागणिक नवी वस्तू शोधत बसण्यापेक्षा मला हे जास्त पटतं.

आता फळी. स्वयंपाकाच्या वस्तूला बारीक छिद्रांचं, घट्ट लाकूड लागतं. बीच, मेपल, बर्च, चेरी ही त्यासाठी नावाजलेली. ज्याची छिद्रं नुसत्या डोळ्यांनी मोकळी दिसतात असं लाकूड मी टाळते, कारण तेल-मसाला त्यात जाऊन बसतो. पाइन स्वस्त आणि कापायला लोण्यासारखं, पण पात्याची कड लवकर चेपते आणि राळेचा वास राहतो. प्लायवूड तर नकोच. त्यात थरांमधला गोंद असतो आणि कड कधीच गुळगुळीत होत नाही. कुठल्या झाडाचं आहे हे माहीत नसलेलं लाकूड भांड्यात घालू नये. कण्हेरीसारख्या झाडाचं लाकूडसुद्धा विषारी असतं.

फुकटचं लाकूड म्हणून मालवाहू पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीवर, बऱ्याच जणांचा डोळा असतो. पॅलेट एका देशातून दुसऱ्या देशात गेलेलं असेल तर त्यावर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शिक्का असतो. शिक्क्यात 'एचटी' ही अक्षरं असली तर ते लाकूड तापवलेलं आहे, म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं. 'एमबी' असली तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते घरातच आणू नये. 'एचटी'वाल्याचा फोन स्टँड खुशाल करा. पण त्यावर आधी काय काय सांडलंय हे शिक्का सांगत नाही, म्हणून उलथनं मात्र नको.

माझी फळी एक मीटर लांब, 150 मिलिमीटर रुंद आणि 12 मिलिमीटर जाड असते. उलथनं 300 मिलिमीटर लांब, पातं 55 रुंद, दांडा 22. साचे उलटसुलट ठेवले, म्हणजे एकाचं पातं शेजारच्याच्या दांड्याजवळ, तर 300 मिलिमीटर लांबीत तीन आरामात बसतात आणि मध्ये करवतीला जागाही उरते. म्हणजे अख्ख्या फळीत नऊ. उरतो तो दहा सेंटीमीटरचा तुकडा फेकायचा नाही, तेल लावून बघायला तो लागतो. दिराचं लांब उलथनं घ्यायचं असेल तर हे गणित बिघडतं आणि आठावर समाधान मानावं लागतं. चालतं.

आखताना एकच गोष्ट डोक्यात ठेवायची: लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीत धावल्या पाहिजेत. रेषेच्या दिशेने लाकूड वाकेल पण सहसा मोडणार नाही. आडवं असेल तर ते मानेपाशी, जिथे पातं दांड्याला मिळतं तिथे, कट्कन तुटतं. फळी नुसती वरून पाहून भागत नाही, तिच्या कडेवरही नजर टाकायची. कडेवरच्या रेषा तिरक्या चालत वरच्या पृष्ठावर बाहेर पडत असतील तर तिथला दांडा कमजोर निघणार. गाठ पात्यात आली तर बाद. दांड्याच्या टोकाला आली तर कधीकधी मी ठेवते, छान दिसते.

कापणं हा सगळ्यात कमी वेळाचा भाग, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. सरळ रेषा साध्या करवतीने, मानेचं वळण कोपिंग सॉने, म्हणजे अरुंद पात्याच्या, वळणं कापायच्या करवतीने. वळणात करवत अडकू नये म्हणून टाकाऊ भागात आधी दोन-तीन आडवे छेद देऊन ठेवायचे, मग वळण घेताना तुकडे आपोआप गळून पडतात. रेषेच्या एखादा मिलिमीटर बाहेरून कापायचं आणि उरलेलं कानशीवर सोपवायचं.

खरा वेळ जातो घडवण्यात. पातं दांड्याकडे 10 मिलिमीटर आणि टोकाला 2-3 मिलिमीटर इतकं निमुळतं करायचं असतं. छोटा रंधा असेल तर त्याने, नसेल तर अर्धगोल कानशीने. रंधा मानेकडून टोकाकडे चालवायचा. रेषा उलट्या लागल्या की लगेच कळतं. सालीऐवजी ढलपी उचकटून येते. मग दिशा बदलायची, जोर वाढवायचा नाही. दांड्याच्या कडा मी डोळे मिटून घासते. थट्टा करत नाही. डोळ्यांना सारखा दिसणारा दांडा हातात फिरवला की एका बाजूला धार लागते, आणि ती धार वापरणाऱ्याच्या बोटाला रोज लागणार असते. आत्याचा दांडा तर मी जुन्या टॉवेलच्या घडीत धरून, तिच्यासारखी अर्धी मूठ करून तपासते.

त्यानंतर पॉलिश पेपर. 80, 120, 180, 220 (नंबर मोठा तितका कागद बारीक), याच क्रमाने आणि नेहमी रेषेच्या दिशेने. मधला नंबर गाळून वेळ वाचत नाही, कारण 80 चे ओरखडे 220 ने जात नाहीत. तेल लावलं की ते जास्तच उठून दिसतात. 220 झाल्यावर एक पायरी असते जी बरेच जण करत नाहीत: ओल्या फडक्याने पूर्ण नग पुसून रात्रभर वाळू द्यायचा. सकाळी हात लावला तर गुळगुळीत केलेलं लाकूड पुन्हा खरखरीत झालेलं असतं, कारण दबलेले तंतू पाणी पिऊन उभे राहतात. ते 220 नेच हलक्या हाताने काढून टाकायचे. हे आपण केलं नाही, तर भेट मिळालेल्या माणसाच्या पहिल्या धुण्यात ते होतं आणि त्याला वाटतं, लाकूडच वाईट होतं.

मास्क लावा. लाकडाचा भुसा नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी, असा समज फार पसरलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलेली आहे. त्याचा मुख्य आधार वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्या कामगारांचे अभ्यास आहेत. आपली सणापुरती गॅलरी वेगळी. तरी मास्क काही जड नाही.

तेलावरून माझे आणि माझ्या मावसभावाचे वाद होतात. तो म्हणतो, घरातलं खायचं तेल लाव. नको. खायची बहुतेक तेलं सुकत नाहीत, लाकडात तशीच राहतात आणि काही महिन्यांनी खवट वास येतो. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन खरोखर घट्ट होतं, पण कच्चं जवस पूर्ण पक्कं व्हायला आठवडे घेतं. 'बॉइल्ड' नावाने मिळणारं लवकर सुकतं, कारण त्यात बहुधा धातूंचे क्षार मिसळलेले असतात. स्वयंपाकाच्या वस्तूला मी ते लावत नाही. अक्रोडाचं तेलही सुकतं आणि रंग सुंदर आणतं, पण कुणाला अक्रोडाची ॲलर्जी असेल हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? म्हणून मी खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल, म्हणजे शुद्ध केलेलं खनिज तेल, वापरते. ते कधीच सुकत नाही, पण खवटही होत नाही. चार भाग तेलात एक भाग मधमाशांचं मेण, वजनाने. गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं, थेट आचेवर नाही. मऊ मलम तयार होतं. ते चोळायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी उरलेलं पुसायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. पात्याचं टोक आणि दांड्याचं बूड ही आडवी कापलेली तोंडं खूप जास्त पितात, तिथे दोन हात जादा.

तुम्ही जवसाचंच लावणार असाल तर फडक्यांची काळजी घ्या. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगळून कोपऱ्यात टाकलेल्या फडक्यात ती कोंडते. असं फडकं काडी न लावता पेटू शकतं. मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवायचं किंवा पाण्यात बुडवून ठेवायचं. आणि महिनाभर आधी सुरुवात करायची. सणाच्या आठवड्यात जवस लावून भेट दिलीत तर देताना हात चिकट होतील.

लहान मुलांच्या वस्तू मी हल्ली करत नाही, तरी विचारतात म्हणून सांगते. तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायचं असेल तर खेळण्यांच्या चाचणीत 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. त्यात पूर्ण मावेल असा कुठलाही भाग नको, सुटून आलेला तुकडासुद्धा. गाडीची चाकं नेमकी इथेच नापास होतात. चाकांशिवायचे मोठे ठोकळे द्या. मुलं त्यांनाच गाडी म्हणतात.

नाव कोरून द्यावं का? माझं मत: नाही. भाचीच्या उलथन्यावर तिचं नाव तापल्या सुईने उमटवायचं एका वर्षी मनात होतं, पण नाव घातलेली वस्तू लोक जपून ठेवतात, भिंतीला टांगतात. उलथनं टांगण्यासाठी नसतं. त्याऐवजी मी सोबत एक चिठ्ठी देते: पाण्यात भिजत ठेवू नका, भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घालू नका, धुऊन उभं ठेवून वाळवा, रंग फिका आणि कोरडा दिसला की तेलाचा हात फिरवा. चिठ्ठीबरोबर त्या मलमाची छोटी डबी. डबी मिळाल्यावर लोक जास्त खूश होतात, हे मला थोडं लागतं.

वर्षभर वापरलेल्या उलथन्याची कड झिजते, कधी जळून काळी पडते. ते टाकून द्यायचं नसतं. पात्याचे दोन-तीन मिलिमीटर कापले, पुन्हा निमुळतं केलं, 220 आणि तेल केलं की पुढे चालतं. मावशीने तर ते इतक्यांदा करून घेतलंय की तिचं पातं आता बोटभर आखूड झालं आहे. यंदा तिला नवं देऊ केलं, तर म्हणाली, "नवं तुझ्या दिराला दे, माझी फक्त कड काढून दे."