कसाले पयस वं?

"कशाला पळतेस गं?" हा प्रश्न मला शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, जळगावच्या मेहरूण तलावावर पहाटे फिरायला येणाऱ्या काकांनी तर रोजचाच केलाय. आमच्या पारोळा तालुक्यातल्या गावी शेतरस्त्याला पहिल्यांदा पळाले, तेव्हा शेजारची मोठी माय आडवी आली, अहिराणीत म्हणाली, "कसाले पयस वं माय? मांगे कुत्रं लागनं का?" सगळ्यांत सरळ तिनंच विचारलं. बाकीच्यांच्या विचारण्यात पुढचं वाक्य दडलेलं असतं: एवढं दुखणं होऊन गेलं, आता गप घरी बसावं की.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पैशासाठी पळते.

हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. त्याला जिद्दीबिद्दीचं काहीतरी ऐकायचं असतं.

तेविसाव्या वर्षी मानेला गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून मी ओढणीखाली झाकून बी.एड.चे पाठ घेत होते. रात्री घामानं उशी भिजायची, वजन उतरत होतं. आपल्याकडे मानेला गाठ म्हणजे टीबी, असं बऱ्याचदा धरूनच चालतात. मीही चार महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. लघवी नारंगी झाली, गाठ होती तिथंच. मग कोणीतरी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. हा ऐन तारुण्यात जास्त दिसतो आणि यातले बहुतेक बरे होतात, असं मुंबईच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नानांनी, माझ्या वडिलांनी, एकच विचारलं, "खर्च?" मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता.

दर पंधरा दिवसांनी एक डोस, असे बारा. चार औषधं एकामागून एक शिरेतून जायची. त्यातलं एक रूह अफजासारखं लाल. त्यानंतर लघवीही लाल व्हायची, पण टीबीच्या गोळ्यांनी मला त्याची सवय लावून ठेवली होती. दुसऱ्या एकाला उजेड चालत नाही, म्हणून ती बाटली कागदात गुंडाळून टांगायचे. तोंडाला लोखंडाची चव. पांढऱ्या पेशी घसरलेल्या, म्हणून कच्चं काही खायचं नाही. भरताचा सगळा हंगाम मी वरच्या कांद्याच्या पातीशिवाय काढला. खान्देशी माणसाला यातलं दुःख वेगळं सांगायला नको.

जळगाव ते मुंबई रेल्वेनं साधारण 420 किलोमीटर. बारा खेपा, जाऊन-येऊन दहा हजारांच्या वर किलोमीटर झाले. (माझ्या दहा किलोमीटरच्या दौडीचं कौतुक करणाऱ्यांनी हे नानांना ऐकवावं.) कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपरचं तिकीट माफ असतं, सोबतच्याला पंचाहत्तर टक्के सवलत. दवाखान्याचा शिक्का मारलेला फॉर्म तेवढा लागतो. म्हणजे प्रवासानं आम्हाला बुडवलं नाही. बुडवलं मुंबईतल्या मुक्कामानं. रक्ताचा रिपोर्ट वाईट आला की डोस पुढे ढकलायचे, आणि तोवर गावी परतणंही शक्य नसायचं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तेव्हा निभावलं, पण तिथं रांग मोठी. इकडे नानांनी भाव वाढायची वाट न बघता कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावात आलेल्या व्यापाऱ्याला, मोजून दिला.

आणि भेटायला येणारे. चहा व्हायचा, माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडे बघणं टाळणं व्हायचं, आणि उठताना घडी घातलेली नोट उशाखाली सरकवली जायची. कोणी शंभर, कोणी पाचशे. त्यांच्यातल्या एकाचंही मन खोटं नव्हतं. तरीही ती उशी मला टोचायची. आई प्रत्येकाचं नाव वहीत लिहायची, लग्नातला आहेर लिहितात तसं. परत करायचं म्हणून.

बरी झाल्यावर दोन वर्षांनी जळगावात एक धर्मादाय दौड असल्याचं कळलं. जमलेले पैसे मुंबईला उपचाराला जाणाऱ्यांच्या राहण्याखाण्यासाठी. मी आधी नुसते पैसे द्यायला गेले होते. तिथं कोणीतरी टेरी फॉक्सचं सांगितलं. कॅनडाचा पोरगा, कॅन्सरनं अठराव्या वर्षी एक पाय गेला. 1980मध्ये कृत्रिम पायावर रोज जवळजवळ मॅरेथॉनभर, असं 143 दिवस पळाला, 5,373 किलोमीटर. मग आजार फुप्फुसात उलटला आणि थांबावं लागलं. पुढच्या वर्षी तो गेला. मला यातलं पळणं नाही लक्षात राहिलं. तो प्रत्येक कॅनडियन माणसाकडे एक डॉलर मागत होता, संशोधनासाठी, ते राहिलं. राजरोस, उजळ माथ्यानं मागत होता. असंही मागता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

लाल औषध हृदयाला त्रास देऊ शकतं आणि दुसरं एक फुप्फुसाला. म्हणून आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मग फुप्फुसाची तपासणी, मग डॉक्टरांची परवानगी. सुरुवात विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. पायांची बोटं औषधानं बधिर झालेली, त्यामुळे बुटाची नाडी करकचून आवळली गेलेली समजायचीच नाही, घरी येऊन बघावं तर वळ. आईची अट ओढणीची. पंजाबी ड्रेस, ओढणी आणि बूट अशा अवतारात मी सहा महिने पळाले.

मग ओळखीपाळखीत सांगत सुटले, किलोमीटरमागे दहा रुपये द्या. ज्यांनी उशाखाली नोटा ठेवल्या होत्या त्यांच्याकडेच पहिल्यांदा गेले. यावेळी कोणी आवाज खाली केला नाही. एक मामा तर घासाघीस करायला लागले, "पूर्ण पळालीस तरच हां, चाललीस तर निम्मे."

जानेवारीतली गार पहाट होती. सातव्या किलोमीटरनंतर मी चालले, हे मामांना अजून सांगितलेलं नाही. एक तास एकतीस मिनिटं. शेवटच्या वळणावर नाना मफलर गुंडाळून उभे होते. त्यांनी विचारलं, "कितवा नंबर?" मी म्हटलं, "मोजला नाही." ते म्हणाले, "मग पैसे तरी मोजले का?"

पैसे आईनं मोजले. त्याच वहीत, मागच्या पानापासून उलटं लिहीत आणले. पुढच्या पानांवर मोठ्या मायच्या नावापुढे पन्नास रुपये आहेत, मागच्या पानावरही पन्नास. दुसऱ्यांदा देताना तिनं कंबरेची पिशवी सोडायला बराच वेळ घेतला, नोट माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "आते आखो कितलं पयशी?" आता आणखी किती पळशील?